‘द विझार्ड ऑफ ऑझ’च्या चित्रीकरणात इतका त्रास का झाला?

प्रश्न असा आहे: १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’च्या चित्रीकरणात एका नटाला श्वास घेता येईना म्हणून इस्पितळात न्यावं लागलं, चेटकिणीचं काम करणारी नटी भाजली, तिची डमी जखमी झाली, दिग्दर्शक बदलत राहिले. एकाच चित्रपटात एवढं सगळं कसं घडलं? दुर्दैव, स्टुडिओचा निष्काळजीपणा, की त्या काळी म्युझिकल अशीच बनायची?

निष्काळजीपणा होताच आणि नेमका कुठे होता ते पुढे येईल. पण या अपघातांच्या गोष्टी सुट्या सुट्या सांगितल्या जातात, त्यामुळे त्यांना जोडणारा धागा दिसत नाही. तो धागा म्हणजे कॅमेरा. कुठलंही साहित्य निवडताना ते या कॅमेऱ्याला कसं दिसेल हे पाहिलं गेलं. ते कातडीला, डोळ्यांना, फुप्फुसांना काय करेल हे विचारायची पद्धतच तेव्हा नव्हती.

हा तीन पट्ट्यांचा टेक्निकलर कॅमेरा होता. तो विकत मिळत नसे. टेक्निकलर कंपनी तो भाड्याने देई, आणि सोबत आपला तंत्रज्ञ आणि रंगसल्लागारही पाठवी. लेन्समधून आलेला प्रकाश मागच्या लोलकावर आदळून दोन वाटांनी फुटायचा. सरळ जाणारा भाग हिरव्या फिल्टरमधून एका फिल्मवर पडायचा. काटकोनात वळलेला भाग किरमिजी फिल्टरमधून जाऊन, एकमेकींना चिकटून धावणाऱ्या दोन फिल्म्सवर पडायचा. त्यातली पुढची निळा रंग टिपायची, मागची लाल. म्हणजे एका शॉटला तीन निगेटिव्ह, तिन्ही काळ्यापांढऱ्या. रंग थेट प्रिंटवर चढायचे, ठशांनी कापडावर छपाई करावी तसे, एकावर एक तीन वेळा.

आता हिशोब करा. लोलकाने प्रकाश वाटून घेतला, फिल्टरने उरलेल्यातला मोठा वाटा गिळला, आणि लाल रंगाच्या फिल्मपर्यंत पोचणारा प्रकाश तर दुसऱ्या फिल्ममधून गाळून आलेला. या सगळ्या व्यवस्थेचा वेग, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, आजच्या मापात ५ ते ८ आयएसओच्या आसपास भरतो. आजचा साधा डिजिटल कॅमेरा ८०० ला आरामात चालतो. म्हणजे आज जो सेट आपण उजळलेला म्हणू, त्याच्या शंभरपट किंवा अधिक प्रकाश तिथे लागायचा. जास्त वेगाची फिल्म १९३९ मध्ये आली, पण ‘ऑझ’चं चित्रीकरण ऑक्टोबर १९३८ मध्येच सुरू झालं होतं, त्यामुळे कामाचा मोठा भाग जुन्या, भुकेल्या फिल्मवर झाला.

एवढा प्रकाश द्यायचे ते कार्बन आर्क दिवे. टेक्निकलरची फिल्म दिवसाच्या उजेडाच्या रंगाला जुळवलेली होती आणि तंतूच्या दिव्यांचा उजेड पिवळट, म्हणून आर्कला पर्याय नव्हता. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगीचा सततचा पूल, तोही डीसी विजेवर. मोठा आर्क १२० व्होल्टला १५० अँपिअर ओढायचा, म्हणजे एकेका दिव्यामागे १८ किलोवॉट. असे दहा दिवे लावले की १८० किलोवॉट झाले, आणि मंचकिनलँडसारख्या (गोष्टीतल्या बुटक्या मंचकिन लोकांचं गाव) सेटला दहा दिवे कुठेच पुरणारे नव्हते. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बंद स्टेजमध्येच राहते. शिवाय कांड्या जळताना धूर सोडतात, झिजतात, दर थोड्या वेळाने बदलाव्या लागतात. त्यासाठी वरच्या माचांवर दिव्यापाशी माणूस लागतो, आणि गरम हवा वरच चढते. खाली नट भाजून निघत होते असं आपण वाचतो. वर बसलेल्या लाइटमनचा विचार कोणी करत नाही.

सेटवरचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर जायचं. मग पंखे का लावले नाहीत? कारण ध्वनी. संवादाच्या शॉटला स्टेजची दारं बंद, पंखे बंद, हवा खेळवणारी यंत्रणा बंद, नाहीतर माइकमध्ये घरघर येणार. गाण्याच्या शॉटला मात्र आवाज आधीच मुद्रित झालेला असल्यामुळे सेटवरच्या गोंगाटाचं बंधन नसे. असा दिवस त्यातल्या त्यात सुखाचा, पण गाण्याच्या दिवशी नाचही असतो आणि अंगावर पोशाखही असतो.

पोशाखांकडे येऊ. बर्ट लार यांचा भित्रा सिंह खऱ्या सिंहाच्या कातड्याचा होता. त्याचं वजन ४० किलोच्या घरात सांगतात. कातडं घामाने भिजतं, वाळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच चढवायचं. चेहऱ्यावर चिकटवलेले भाग घास चावताना सुटतात, म्हणून दुपारचं जेवण नळीने प्यायच्या पातळ पदार्थांवर. रे बोल्जर यांच्या बुजगावण्याचा चेहरा गोणपाटाचा पोत दिलेल्या रबराचा होता. रबर घाम बाहेर पडू देत नाही. दिवसभर घाम आतच, कातडीला लागून. चित्रपट संपल्यावरही त्यांच्या तोंडाभोवती मुखवट्याच्या रेषा बराच काळ राहिल्या. जॅक हेली यांच्या टिनच्या माणसाला बसताच येत नसे, म्हणून दोन शॉटमध्ये कलत्या फळीला टेकून उभ्या उभ्या विश्रांती.

हेली मुळात त्या भूमिकेत नव्हतेच. टिनचा माणूस होते बडी एबसन. त्यांनी तालमी केल्या, गाणी मुद्रित केली, चित्रीकरणही सुरू केलं. त्यांच्या रंगभूषेची पद्धत अशी: आधी विदूषकाला लावतात तसा पांढरा थर, आणि त्यावर अॅल्युमिनियमची कोरडी भुकटी. दिसायला उत्तम, कारण खरा धातू धातूसारखाच चमकतो. चूक ‘कोरडी’ या एका शब्दात आहे. भुकटी थरावर पूर्ण बसत नाही, थोडी हवेत राहते, आणि ती नाकातोंडासमोरच असते. नाच आणि उकाडा म्हणजे श्वास खोल आणि जलद. घाम आला की पुसणं आणि पुन्हा भुकटी. चित्रीकरणाचे जेमतेम दहा दिवस झाले असतील, एबसन यांना श्वास घेता येईना. त्यांना इस्पितळात प्राणवायूवर ठेवावं लागलं.

उपाय किती साधा होता हे पाहिलं की खरोखर वाईट वाटतं. हेली आले तेव्हा तीच भुकटी लेपात कालवून लावली गेली. चमक तीच, पण हवेत काही उडेना. तरी तो लेप डोळ्यात जाऊन हेली यांच्या डोळ्याला संसर्ग झालाच आणि त्यांचे काही दिवस गेले. पण फुप्फुसं वाचली. लेपाची कल्पना सुचायला काही नवं तंत्र लागत नव्हतं. एका माणसाने आधी ‘हे श्वासात जाईल का?’ एवढं विचारायला हवं होतं. मी ज्याला निष्काळजीपणा म्हणतो तो हा.

चेटकिणीचं काम करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन यांचा अपघात वेगळ्या जातीचा आहे. तिथे रसायनाबरोबर वेळेचं गणितही चुकलं. प्रसंग मंचकिनलँडमधून चेटकीण धुरात अदृश्य होते तो. कृतीचा क्रम असा: नटी मागे सरकत जमिनीतल्या झाकणावर येते, लाल धूर उसळतो, धुराआड ती उभी असलेली फळी खाली उतरते, आणि ती पूर्ण खाली गेल्यावर ज्वाळा. पहिला टेक नीट झाला. राखीव म्हणून आणखी टेक घेतले गेले, आणि २३ डिसेंबर १९३८ च्या त्या टेकमध्ये ती खाली पोचण्याआधीच ज्वाळा पेटल्या. टोपीने आणि झाडूने पेट घेतला. चेहऱ्याला दुसऱ्या दर्जाचं, हाताला तिसऱ्या दर्जाचं भाजलं.

पुढचा भाग अधिक क्लेशाचा. तिच्या हिरव्या रंगात तांब्याचं संयुग होतं. ते भाजलेल्या कातडीत राहिलं तर विषारी, म्हणून ताबडतोब काढायला हवं, आणि तो रंग निघतो अल्कोहोलने. उघड्या जखमेवर अल्कोहोल चोळून रंग काढावा लागला.

अशा कामाचा नियम आज पक्का आहे: धूर, उतरणारी फळी आणि आग ही तीन कामं तीन माणसांच्या अंदाजावर सोडायची नाहीत. फळी तळाला टेकल्यावरच आगीचा मार्ग खुला होईल अशी अडकण ठेवायची. म्हणजे माणूस चुकला तरी आग पेटत नाही. आणि पहिला टेक उत्तम झाला असेल तर आगीचा शॉट केवळ राखीव म्हणून पुन्हा घ्यायचा नाही. पडद्यावर दिसतो तो पहिलाच टेक.

हॅमिल्टन साधारण सहा आठवड्यांनी परतल्या, आगीचं काम करणार नाही या अटीवर. मग धूर सोडणाऱ्या झाडूवर बसायचा शॉट त्यांच्याऐवजी बेटी डँको या डमीला दिला गेला. झाडूखाली धुराची नळी होती. ती एका टेकमध्ये फुटली आणि डँको यांच्या पायाला मोठी जखम झाली. नटीने नाकारलेला धोका दूर झाला नाही, फक्त दुसऱ्या बाईकडे गेला. चित्रपटाच्या धंद्यात हे फार घडतं.

आता रंगाकडे. टेक्निकलरला पांढरं सोसत नसे, ते चकाकून फुटायचं. म्हणून डोरोथीच्या (ज्युडी गार्लंड यांनी केलेली गोष्टीची नायिका) निळ्या चौकड्यांच्या पोशाखातला ‘पांढरा’ ब्लाउज प्रत्यक्षात फिकट गुलाबी होता. मूळ पुस्तकात तिचे जोडे चांदीचे आहेत. रंगीत पडद्यावर उठून दिसावेत म्हणून ते माणिकरंगी झाले. त्यावरच्या टिकल्याही भडक लाल घेतल्या नाहीत, गडद घेतल्या, कारण भडक लाल पडद्यावर नारिंगीकडे झुकला असता. जोड्यांच्या तळाला नमदा लावला होता, नाचताना खटखट येऊ नये म्हणून. पिवळ्या विटांचा रस्ता पहिल्या चाचणीत हिरवट आला आणि रंग बदलावा लागला. दर मिनिटाला रंग बदलणारा घोडा म्हणजे अनेक घोडे. त्यांना लावलेला रंग जिलेटिनच्या गोड भुकटीचा होता, त्यामुळे ते तो चाटून टाकायचे आणि दोन शॉटमध्ये घाई करावी लागे. घोड्यांना अपाय न होणारं साहित्य इथे शोधलं गेलं, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

रंगाच्या कामातला माझ्या मते सर्वांत सुंदर शॉट म्हणजे डोरोथी घराचं दार उघडते आणि बाहेर रंगीत दुनिया दिसते तो. कॅन्ससचे, म्हणजे डोरोथीच्या घरचे, प्रसंग काळ्यापांढऱ्या फिल्मवर घेऊन प्रिंटला तपकिरी छटा दिली होती. मग एकाच शॉटमध्ये तपकिरी घर आणि रंगीत बाग कशी? उत्तर आहे रंगाऱ्याचा ब्रश. घराचा आतला भाग तपकिरी छटांमध्येच रंगवला. डोरोथीच्या डमीला तपकिरी पोशाख दिला. पूर्ण शॉट टेक्निकलरमध्ये घेतला. डमी दार उघडते आणि चौकटीबाहेर सरकते, कॅमेरा पुढे जातो, आणि निळ्या पोशाखातली ज्युडी गार्लंड चौकटीत येते. लॅबमध्ये काही केलं असतं तर कडा थरथरली असती. इथे ती कडाच नाही.

गाण्यांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल, कारण आपल्याकडे ‘प्लेबॅक’ म्हटलं की गायक वेगळा आणि नट वेगळा असा अर्थ होतो. तिथे मुख्य नटांनी स्वतःच गाणी आधी मुद्रित केली होती आणि सेटवर ती लाउडस्पीकरवर लावून ओठ जुळवले. अवघड काय? पहिलं अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि फिल्म सेकंदाला २४ फ्रेम. म्हणजे १४ मीटर अंतरामागे एक फ्रेमचा उशीर. मंचकिनलँडसारख्या प्रचंड सेटवर स्पीकर एका टोकाला असेल तर लांबच्या ओळीचे ओठ पुढच्या ओळीच्या दोन-तीन फ्रेम मागे पडणार, आणि एवढा फरक डोळ्याला कळतो. त्यामुळे स्पीकर गर्दीच्या जवळ आणावे लागतात, पण चौकटीबाहेर ठेवून. दुसरं, नुसते ओठ हलवून चालत नाही. गळ्याच्या शिरा हलत नाहीत, छाती भरत नाही, आणि क्लोजअपमध्ये खोटं उघडं पडतं. नटाला खरंच गावं लागतं. सिंहाच्या कातड्यात, ३८ अंशांत, टेकमागून टेक.

मंचकिनांच्या भूमिका ठेंगण्या उंचीच्या सव्वाशेच्या आसपास कलाकारांनी केल्या. त्यांचे गातानाचे आवाज मात्र बहुतेक वेगळ्या गायकांचे. गायकांनी संथ लयीत गायचं, मुद्रण कमी वेगाने करायचं, आणि नेहमीच्या वेगाने वाजवायचं; पट्टी चढते आणि लय योग्य होते. लय किती संथ ठेवायची हे आधी गणिताने काढावं लागतं, आणि उच्चार अतिस्पष्ट करावे लागतात, कारण वेग वाढला की व्यंजनं एकमेकांत मिसळतात. या सव्वाशे जणांची नावं श्रेयनामावलीत स्वतंत्रपणे आलीच नाहीत. तो अन्याय होता.

वावटळीचा प्रसंग हा या चित्रपटातला मला सर्वांत आवडणारा यांत्रिक इलाज. विशेष दृश्यांचे प्रमुख ए. आर्नल्ड गिलेस्पी यांनी आधी रबराचा शंकू करून पाहिला, पण तो वळेना. मग मलमलीचा ३५ फुटी शंकू केला. वरचं टोक स्टेजच्या छताखालच्या सरकत्या गाड्याला, खालचं टोक जमिनीतल्या फटीतून धावणाऱ्या दांड्याला. वरचा आणि खालचा वेग वेगळा ठेवला की शंकू सापासारखा वळवळतो. तळाशी दाबाच्या हवेने मुलतानी माती उडवली. आतही सोडली, आणि मलमलीच्या विणीतून ती हळूहळू झिरपल्यामुळे कापडाची कडा धूसर झाली. रबराने हे कधीच दिलं नसतं. वावटळीत घर आकाशातून पडतं तो शॉट उलटा आहे. जमिनीवर आकाश रंगवलं, छोटं घर वरून त्यावर टाकलं, आणि फिल्म उलटी चालवली, म्हणून घर आपल्याकडे येताना दिसतं.

दिग्दर्शक बदलल्याने झालेलं नुकसान थोडक्यात सांगतो. रिचर्ड थॉर्प यांचं सुमारे दोन आठवड्यांचं काम बाजूला टाकलं गेलं. जॉर्ज कुकर काही दिवसच होते, पण त्यांनी गार्लंडचा सोनेरी केसांचा टोप आणि बाहुलीसारखी रंगभूषा काढून टाकली, आणि माझ्या मते चित्रपट तिथेच वाचला. व्हिक्टर फ्लेमिंग यांनी बहुतांश भाग केला. ते दुसऱ्या चित्रपटाकडे गेल्यावर कॅन्ससचे प्रसंग किंग व्हिडॉर यांनी घेतले. म्हणून चित्रपटात सुरुवातीला येणारं ‘ओव्हर द रेनबो’ हे गार्लंडचं इंद्रधनुष्याचं गाणं चित्रीकरणात शेवटी झालं, तेव्हा आधीच्या चार महिन्यांचा थकवा त्या सोळा वर्षांच्या मुलीच्या अंगात होता. ती अल्पवयीन असल्याने सेटवरचे तिचे तास मर्यादित, शाळा सेटवरच, आणि प्रत्येक मोठा सेट तिच्या वेळेभोवती आखावा लागे. छाती सपाट दिसावी म्हणून आवळलेला पोशाख, जेवणावर स्टुडिओची नजर आणि औषधाच्या गोळ्या, हे सगळं तिने सोसलं. त्याचं समर्थन कुठल्याही तांत्रिक गरजेने होत नाही.

एक अफवा मात्र सोडून द्यावी. जंगलाच्या प्रसंगात मागे गळफास घेतलेला माणूस दिसतो असं सांगतात. ते सेटवर सोडलेल्या मोठ्या पक्ष्याचं पंख पसरणं आहे. चांगल्या प्रिंटवर स्पष्ट दिसतं.

चित्रीकरण मार्च १९३९ मध्ये संपलं. खर्च सुमारे २७.७ लाख डॉलर. त्यानंतर चाचणी खेळांमध्ये लांबी कमी करायची वेळ आली, तेव्हा इंद्रधनुष्याचं गाणंही काढायच्या गोष्टी झाल्या. ते राहिलं. गेलं ते जंगलातलं ‘जिटरबग’ हे नाचगाणं, ज्याला पाच आठवडे आणि सुमारे ८० हजार डॉलर लागले होते. त्याच अवजड पोशाखांत, त्याच दिव्यांखाली केलेलं काम. आज चित्रपटात त्याची एकच खूण आहे: चेटकीण आपल्या माकडांच्या प्रमुखाला सांगते की डोरोथी आणि तिच्या साथीदारांना नामोहरम करायला एक छोटा कीटक पुढे पाठवलाय. तो कीटक पुढे कधी येत नाही. एबसन यांची खूणही अशीच राहिली आहे. विझार्डला भेटायला निघाल्याच्या समूहगीताचं जुनं मुद्रण पुन्हा केलं गेलं नाही. पडद्यावर हेली चालतात, आणि कान देऊन ऐकलं तर त्या गाण्यात एबसन यांचा आवाज येतो.